विंचू चावतो, पण घात करतं आपलंच ॲड्रेनलिन

कडब्याची पेंढी उपसताना नाहीतर सोयाबीनची बनीम मोडताना लाल विंचू चावला की आपल्याकडं सगळे म्हणतात, विष चढलं. म्हणजे विष रक्तातून वर वर जातं, काळजापर्यंत पोचतं आणि माणूस जातो, असा आपला साधा हिशोब. पण आत जे होतं ते लई वेगळं आहे. आपल्या मज्जातंतूंच्या पडद्यावर सोडियम आत यायची बारीक दारं असतात, ती क्षणभर उघडून लगेच बंद व्हायला पाहिजेत, आणि हे विष ती नीट बंदच होऊ देत नाही. मग मज्जातंतू थांबायचं नावच घेत नाहीत, त्यांच्या टोकातून नॉरॲड्रेनलिन बाहेर पडत राहतं, किडनीच्या वरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन ओतत राहतात, आणि अंगातल्या रक्तवाहिन्या आवळून बसतात. हातपाय गार पडतात, घामानं कपडे भिजतात, उलट्या होतात, बीपी वर जातं. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं, मग फुफ्फुसात पाणी साचतं, तोंडातून फेस येतो, आणि लहान लेकरू असलं तर हे सगळं फार झपाट्यानं होतं. म्हणजे चावला विंचू, पण घात केला आपल्याच अंगातल्या ॲड्रेनलिननं, जे एरवी कुत्रं मागं लागल्यावर पळायला मदत करतं तेच.

आता यावर उपाय काय? हे शोधलं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, पण काम केलं कोकणात, महाडकडं, तिथं लाल विंचवाचा त्रास भयंकर. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून रात्र रात्र नोंदी केल्या आणि ऐंशीच्या दशकात लॅन्सेटसारख्या मोठ्या मासिकात छापून दाखवलं की प्राझोसिन नावाची बीपीची साधी स्वस्त गोळी या पेशंटला वाचवते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गंमत बघा, प्राझोसिन विषाला हातसुद्धा लावत नाही. विष अंगात तसंच, ॲड्रेनलिन रक्तात तसंच. ती गोळी फक्त रक्तवाहिनीच्या पेशीवर जिथं हा निरोप उतरतो ती जागा अडवून बसते. निरोप आला, पण घेणारा कोणी नाही, म्हणून रक्तवाहिनी सैल होते.

त्या जागेचं नाव रिसेप्टर. आणि हा सगळा लेख त्याच्याबद्दलच आहे.

मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. पोरं हुशार आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सेकंड मेसेंजरची चार नावं सांगतील, पण हे कशासाठी असतं म्हणलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत. पोरांचा दोष नाही, हा विषय पुस्तकात नावांच्या यादीसारखाच छापलेला असतो. म्हणून यादी बाजूला ठेवून सांगतो.

पेशीला चारी बाजूंनी तेलकट पडदा असतो, जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एखादा. ॲड्रेनलिन, इन्शुलिन असली बरीचशी रसायनं पाण्यात विरघळणारी, त्यांना हा तेलकट पडदा ओलांडता येत नाही. म्हणजे निरोप घेऊन येणारा दारापर्यंतच येतो, आत जातच नाही. ही गोष्ट पोरांच्या डोक्यात बसायला सगळ्यात अवघड जाते, त्यांना वाटतं हार्मोन पेशीत घुसतं आणि काम करतं. नाही. शेतातल्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय ना, रात्री दोनला लाईट आली की घरात अंथरुणातूनच फोन लावायचा आणि तिकडं विहिरीवर मोटार चालू. तुमचा कॉल काही विहिरीत उतरत नाही आणि पाणी उपसत नाही. स्टार्टरच्या डब्यातलं सिम फक्त ओळखतं की हा नंबर आपला आहे, आणि पुढं रिले खटकतो, करंट जातो, मोटार फिरते. रिसेप्टर म्हणजे तो डबा. अर्धा पडद्याच्या बाहेर, अर्धा आत. बाहेरच्या भागाला ठरलेलं रसायन चिकटलं की त्याचा आकार जरासा बदलतो, आणि आकार बाहेर बदलला की आतल्या भागाचाही बदलतो, बस, एवढाच निरोप आत जातो. रसायन बाहेरच राहतं, थोड्या वेळानं सुटून निघून जातं.

आणि त्याच फोनवर एक मोटार चालू होईल, दुसऱ्या डब्याला तोच कॉल मोटार बंद करायला सेट केलेला असेल. कॉलमध्ये चालू का बंद हे लिहिलेलं नसतं, ते डब्यात असतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. रसायनाला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ ऐकणारी पेशी लावते.

याचा सगळ्यात चांगला पुरावा ॲड्रेनलिनच. भीती वाटली की हृदय जोरात धडधडतं, पण श्वासनळ्या मात्र सैल होतात, हवा जास्त आत जावी म्हणून. आतड्याकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, पण पायाच्या स्नायूंकडच्या मोकळ्या होतात. एकच रसायन, एकाच वेळी, कुठं आवळतंय कुठं सोडतंय. यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं गोंधळलेले होते, काहींना वाटायचं दोन वेगळी रसायनं असावीत, एक चालू करणारं एक बंद करणारं. १९४८ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या रेमंड अहलक्विस्ट नावाच्या माणसानं ॲड्रेनलिनसारखी सहा रसायनं घेतली आणि वेगवेगळ्या अवयवांवर कोणतं किती जोरात चालतं याचा क्रम लावला. सगळीकडं वेगवेगळे क्रम निघायला पाहिजे होते, पण निघाले फक्त दोन. म्हणून तो म्हणाला, रसायन एकच आहे, घेणारे रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, आणि नावं दिली अल्फा आणि बीटा. पेपर आधी एका मासिकानं नाकारला, दुसऱ्यानं छापला, आणि छापल्यावरही बरीच वर्षं फारसं कोणी मनावर घेतलं नाही, कारण तेव्हा रिसेप्टर कोणी डोळ्यानं बघितलेलाच नव्हता, तो नुसता हिशोबातून निघालेला होता. मग जेम्स ब्लॅक यांनी त्याच हिशोबावर भरवसा ठेवून साठच्या दशकात बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल बनवलं, आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. आज गल्लीगल्लीत ज्या बीपीच्या आणि धडधडीच्या गोळ्या चालतात, त्यातल्या नावाच्या शेवटी 'ओलॉल' असलेल्या बहुतेक या घराण्यातल्या. विंचवावरचं प्राझोसिन अल्फा अडवणारं, अल्फामधल्या अल्फा-१ ला. दमेकऱ्याच्या निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल उलटं, ते बीटा-२ ला जाऊन चिकटतं आणि ॲड्रेनलिन आल्यासारखं भासवतं, म्हणून श्वासनळी मोकळी होते. म्हणजे औषधं दोन तऱ्हेची, एक जागा अडवणारी आणि एक खोटा निरोप देणारी.

आता पडद्याच्या आतल्या बाजूला काय होतं ते बघू, इथं जरा थांबून वाचावं लागेल.

ॲड्रेनलिनचे रिसेप्टर पडद्यातून सात वेळा आरपार गेलेले असतात, दोऱ्यानं टाके घातल्यासारखे आत बाहेर आत बाहेर. असे सात टाक्यांचे रिसेप्टर माणसात जवळजवळ ८०० प्रकारचे आहेत, त्यातले निम्मे तर नुसते वास ओळखायला. बाजारात मंजूर असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं याच घराण्यावर काम करतात, त्यामुळं मेडिकलच्या दुकानातलं कपाट उघडलं तर निम्मी बायोलॉजी तिथंच दिसेल. या रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जी-प्रोटीन नावाचं प्रथिन टेकून बसलेलं असतं. ते रिकामं बसलेलं असताना त्याच्या हातात जीडीपी नावाचा छोटा रेणू असतो. रिसेप्टरचा आकार बदलला की ते जीडीपी सोडतं आणि जीटीपी धरतं, आणि जीटीपी धरलं की ते चालू. मग त्याचा एक तुकडा सुटून पडद्याच्या आतल्या बाजूनं सरकत जातो आणि पुढच्या एन्झाइमला, म्हणजे पेशीतली रसायनं भराभर घडवणाऱ्या-तोडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन लागतो.

हा पुढचा एन्झाइम कोणता, यावर सगळं ठरतं. बीटा रिसेप्टरला जोडलेलं जी-प्रोटीन एका अशा एन्झाइमला चालू करतं जो सायक्लिक एएमपी नावाचा रेणू भराभर बनवतो. हाच तो सेकंड मेसेंजर, म्हणजे बाहेरचा निरोप आत फिरवणारा दुसरा निरोप्या. हे शोधलं अर्ल सदरलँड यांनी, आणि त्यांचा प्रयोग मला फार आवडतो कारण तो साधा आहे. त्यांनी लिव्हरच्या पेशी फोडून पडद्यांचा गाळ एकीकडं आणि पेशीतलं पातळ पाणी एकीकडं केलं. पातळ भागात हार्मोन टाकलं, काही झालं नाही. मग पडद्याच्या गाळात हार्मोन टाकलं, त्यात जे काही तयार झालं ते चक्क उकळलं म्हणजे प्रथिनं मरून जातील, आणि ते उकळलेलं पाणी पातळ भागात घातलं. काम सुरू झालं. म्हणजे हार्मोन फक्त पडद्याशी बोलतं, आणि पडदा आत एक छोटं, उकळूनही न मरणारं काहीतरी पाठवतो. ते काहीतरी म्हणजे सायक्लिक एएमपी. १९७१ चं नोबेल त्यांना. जी-प्रोटीन शोधणाऱ्या गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ साली, आणि रिसेप्टर प्रत्यक्ष पकडून त्याची रचना दाखवणाऱ्या लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ साली. म्हणजे अहलक्विस्टच्या हिशोबापासून प्रत्यक्ष रचना दिसेपर्यंत साठ वर्षं गेली.

आणि प्रत्येक पायरीवर गुणाकार होतो. एक रिसेप्टर चालू असेपर्यंत बऱ्याच जी-प्रोटीनना हलवतो, एन्झाइम शेकड्यानं सायक्लिक एएमपी बनवतो, ते पुढचे एन्झाइम चालू करतात, ते त्याच्या पुढचे, आणि शेवटी लिव्हरमध्ये साठवलेल्या ग्लायकोजेनमधून ग्लुकोजचे लाखो रेणू सुटतात, कुणाच्या तरी एका चिमूटभर ॲड्रेनलिनवर. म्हणून तर रक्तात हार्मोन इतकं कमी लागतं.

अल्फा-१ चा रस्ता वेगळा. त्याचं जी-प्रोटीन दुसऱ्या एन्झाइमला हात लावतं, तो एन्झाइम पडद्यातल्याच एका चरबीचे दोन तुकडे करतो, त्यातला आयपी-३ नावाचा तुकडा पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या साठ्याकडं जातो आणि तो साठा उघडतो. पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्या मानानं साधारण दहा हजार पट कमी राखलेलं असतं, पेशी त्यासाठी कायम एनर्जी खर्च करते, आणि ते का, तर थोडंसं जरी कॅल्शियम सुटलं तरी सगळ्यांना लगेच कळावं म्हणून. कॅल्शियम वाढलं की रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू आवळतो. विंचू चावलेल्याचे हातपाय गार पडतात ते याच्यामुळं. (बाकी, मोठी काळी इंगळी दिसायला भयानक असते पण घातक जास्त तो बारका लाल. आणि नुसती आग, ठणका असेल तर बहुतेक वेळा निभावतं, पण घाम, उलट्या, गार हातपाय सुरू झाले तर मांत्रिकाकडं एक मिनिट घालवू नका, दवाखाना गाठा.)

इतका वेळ निरोप चालू कसा होतो ते सांगितलं. पण माझं म्हणणं विचाराल तर निरोप बंद कसा होतो हे जास्त महत्त्वाचं, आणि आपल्या भागातल्या माणसाला ते समजायलाच पाहिजे, कारण आपण दर पावसाळ्यात पाठीवर पंप लावून त्याच्याशी खेळतो.

ॲसिटिलकोलिन नावाचं आणखी एक निरोपाचं रसायन आहे. १९२१ साली ऑटो लोवी यांनी ते पकडलं. त्यांना प्रयोग झोपेत सुचला, रात्री उठून कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री परत तेच सुचलं तेव्हा मात्र ते थेट लॅबमध्येच गेले. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही खारट पाण्यात धडधडणारी. पहिल्याची एक नर्व्ह उत्तेजित करून ते मंद केलं, आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं. दुसऱ्याला कोणी हात लावलेला नाही, तरी तेही मंद झालं. म्हणजे नर्व्ह नुसत्या करंटवर बोलत नाहीत, रसायन सोडतात. आणि इथंही तोच नियम. हेच ॲसिटिलकोलिन हृदयाला सावकाश करतं आणि हातापायाच्या स्नायूला मात्र आकसायला लावतं, कारण हृदयावर मस्कारिनिक जातीचा रिसेप्टर आहे, सात टाक्यांचा, आणि स्नायूवर निकोटिनिक जातीचा, जो स्वतःच एक दार आहे, रसायन लागलं की मिलिसेकंदात उघडतो, मध्ये जी-प्रोटीन वगैरे भानगडच नाही.

आता हे रसायन काम झालं की लगेच गेलं पाहिजे, नाहीतर स्नायू आकसलेलाच राहील. त्यासाठी तिथं ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचा एन्झाइम बसवलेला असतो, जगातल्या सगळ्यात झपाट्यानं काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक, एकेक एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडून टाकतो. आणि मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही आपल्या कापसावर तुरीवर वर्षानुवर्षं मारली गेलेली ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं नेमकी या एन्झाइमला चिकटून तो बंद पाडतात. किड्यात पण, आणि माणसात पण. चालू करणारा फोन येतच राहतो, बंद करणारा कोणी नाही. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, घाम, छातीत कफ, जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हृदय मंद, हे सगळं मस्कारिनिक रिसेप्टरवरून. स्नायू फडफडणं आणि मग ताकदच जाणं, श्वासाचे स्नायू थकून जाणं, हे निकोटिनिकवरून. २०१७ साली शेजारच्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते काही कोणी औषध प्यायलेले नव्हते.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात, छातीतला कफ सुकेपर्यंत परत परत देतात. ॲट्रोपिन काय करतं? मस्कारिनिक रिसेप्टरची जागा अडवून बसतं, अगदी प्राझोसिन करतं तसंच, फक्त जागा वेगळी. आणि ॲट्रोपिन कुठं सापडतं, तर बांधावरच्या धोत्र्यात. औंढ्याला, परळीला, वेरूळला महाशिवरात्रीला आपण जे काटेरी फळ महादेवाला वाहतो तेच. म्हणून धोत्र्याची बी पोटात गेलेल्या माणसाची लक्षणं फवारणीच्या विषबाधेच्या बरोब्बर उलटी असतात, तोंड कोरडं ठक्क, बाहुली मोठी, अंग तापलेलं, माणूस बरळायला लागतो. हे वाचून कोणी शहाणपणा करून फवारणी लागलेल्याला घरी धोत्रा पाजायला जाऊ नये. एका फळात किती ॲट्रोपिन आहे याचा काही नेम नसतो, आणि त्यात दुसरीही विषं असतात, माणूस एकाच्या जागी दोन विषांनी जाईल. शिवाय ॲट्रोपिन निकोटिनिक रिसेप्टरला हात लावत नाही, म्हणून स्नायूंची ताकद त्यानं परत येत नाही. त्यासाठी पाम नावाचं इंजेक्शन असतं जे एन्झाइमवर चिकटलेलं औषध सोडवायचा प्रयत्न करतं, आणि गरज लागली तर व्हेंटिलेटर. इथं वेळ फार महत्त्वाचा, कारण काही वेळानं ते चिकटलेलं औषध असं पक्कं बसतं की मग पाम देऊनही सुटत नाही, शरीरानं नवीन एन्झाइम बनवेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून पंप गळून पाठ भिजली असेल तर पहिल्यांदा कपडे काढा, साबणानं भरपूर पाण्यानं अंग धुवा, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली नाहीतर लेबल सोबत न्या. दोन-तीन औषधं एका टाकीत कालवून मारायची जी सवय लागलीय ती यासाठी पण वाईट, कारण ॲट्रोपिन ऑर्गॅनोफॉस्फेटवर चालतं, बाकीच्यांवर चालेलच असं नाही, आणि डॉक्टरला कळत नाही की आपण नेमकं कशाशी लढायलोत.

मग इमिडाक्लोप्रिड? मावा तुडतुड्यावर मारतो ते, बीटी कापसाच्या बियाण्यावर बऱ्याचदा आधीच चोळून येतं ते. ते एन्झाइमला हात लावत नाही, थेट निकोटिनिक रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि सुटत नाही. पण किड्याचा निकोटिनिक रिसेप्टर आणि आपला निकोटिनिक रिसेप्टर घडणीनं थोडे वेगळे, आणि हे औषध किड्याच्या रिसेप्टरला जास्त घट्ट बसतं, म्हणून त्याच मात्रेला किडा मरतो आणि माणूस बहुतेक वाचतो. बहुतेक म्हणलं, नेहमी नाही. आणि मधमाशी पण किडाच आहे हे विसरायचं नाही, तिचा रिसेप्टर काही माव्यापेक्षा वेगळा विचार करत नाही. युरोपात २०१८ साली इमिडाक्लोप्रिड धरून अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर त्याच कारणानं बंद केला.

बंद न होणाऱ्या निरोपाचं दुसरं उदाहरण कॉलऱ्याचं, उन्हाळ्यात टँकरचं पाणी प्यायची वेळ आली की ज्याची भीती असते ते. मघाशी जी-प्रोटीन जीटीपी धरून चालू होतं म्हणलं, ते बंद कसं होतं? तेच स्वतः थोड्या वेळानं जीटीपी तोडून जीडीपी करतं आणि गप्प बसतं, म्हणजे टायमर त्याच्यातच आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत शिरून नेमका हा टायमर मोडतं. जी-प्रोटीन चालूच राहतं, सायक्लिक एएमपी बनतच राहतं, त्यामुळं क्लोराइडची दारं उघडीच राहतात, क्लोराइड आतड्यात जातं, त्याच्या मागं सोडियम, त्याच्या मागं पाणी. मोठ्या माणसाचं दिवसाला १०-२० लिटर पाणी जाऊ शकतं. हे विष असतं हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं, त्यांना नोबेल मिळालं नाही, मिळायला पाहिजे होतं असं माझं ठाम मत आहे. आणि ओआरएस का चालतं, तर सोडियम आणि साखर दोघांना मिळून आत घेणारं एक वेगळं दार त्याच पेशीवर असतं, त्याला या विषानं काहीच होत नाही. नुसतं मीठपाणी दिलं तर फार उपयोग नाही, साखर असली की सोडियम आत आणि मागोमाग पाणी आत. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममधून वाटलं आणि मृत्यू एकदम खाली आणले.

सगळे रिसेप्टर असेच असतात असं नाही, बाकीचे झटपट सांगतो. इन्शुलिनचा रिसेप्टर स्वतःच एन्झाइम असतो, इन्शुलिन लागलं की आतल्या बाजूला स्वतःलाच फॉस्फेट चिकटवून घेतो, तिथून साखळी सुरू होते आणि शेवटी पेशीच्या आत ठेवलेली ग्लुकोजची दारं पडद्यावर येऊन बसतात. टाइप-२ शुगर असलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात सुरुवातीला इन्शुलिन कमी नसतं, उलट जास्तच असतं, पेशी नीट ऐकत नाही एवढंच, आणि गडबड बहुतेक वेळा रिसेप्टरच्या पुढच्या साखळीत असते. स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन वगैरे, तेलकट असल्यामुळं पडदा सरळ ओलांडतात, त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आतच असतात, ते थेट डीएनएवर जाऊन बसतात आणि कोणतं प्रथिन बनवायचं ते बदलतात. म्हणून स्टेरॉइडचा परिणाम यायला तास लागतात, दम्याच्या निळ्या पंपासारखा मिनिटात येत नाही.

आणि ठेचा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला लागतं तो मुळात चटका ओळखायला आहे, साधारण ४३ डिग्रीच्या वर उघडणारा. कॅप्सेसिन लागलं की तो थंड जिभेवर पण उघडतो, मेंदूला वाटतं भाजलं. हा रिसेप्टर १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं पकडला, २०२१ चं नोबेल त्यासाठीच. पोपट मात्र तीच मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांच्या रिसेप्टरला कॅप्सेसिन लागतच नाही. तिखट मिरचीत आहे का जिभेत, हे आता तुम्हीच ठरवा. पाणी पिऊन आग जात नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दही खा.

शेवटी दम्याच्या पंपाबद्दल, कारण हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. सर, पंपाची सवय लागते का? दारूसारखी नाही लागत. पण रिसेप्टरला सारखा सारखा निरोप आला तर पेशी त्याला फॉस्फेट चिकटवते, मग त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, जी-प्रोटीनला हात लावू देत नाही, आणि बऱ्याचदा रिसेप्टर पडद्यावरून ओढून पेशीच्या आत घेतला जातो. म्हणून निळा पंप दिवसातून दहा वेळा ओढणाऱ्याला तो हळूहळू कमी काम करायला लागतो, आणि खाली सूज वाढतच असते, ती त्यानं जात नाही, तिच्यासाठी स्टेरॉइडचा दुसरा पंप असतो आणि लोक नेमका तोच भीतीनं टाळतात. सारखा निळा पंप लागायला लागला म्हणजे दमा हाताबाहेर चाललाय असं समजून डॉक्टरला दाखवायचं. आणि घरात कोणाला दमा असेल तर मायग्रेनसाठी, धडधडीसाठी, हात थरथरतात म्हणून कोणी गोळी लिहून दिली की आधी सांगायचं, डॉक्टर मला दमा आहे, कारण प्रोप्रॅनोलॉल हृदयावरचा बीटा-१ आणि श्वासनळीवरचा बीटा-२ असा फरक करत नाही, दोन्ही अडवतं, आणि मग अटॅक आला तर पंपातलं औषध चिकटणार कुठं?